आठ तोळे पितळ, सव्वा तोळा प्लास्टिक

यंदाच्या अंकाचे सूत्र 'स्पर्श' हे ठेवले आहे, तेव्हा आपणही त्यास अनुसरून काही मजकूर पाठवावा, असे संपादकमहाशयांचे पत्र आषाढात आले. त्या वेळी माझ्या टेबलावर, चष्म्याच्या घराशेजारी, निळसर पारदर्शक प्लास्टिकची एक बोटभर लांबीची वस्तू गेले आठ महिने पडून होती. घरी येणाऱ्यांपैकी कोणी तिला नरसाळे समजे, कोणी बुद्धिबळातले मोठ्या मापाचे प्यादे. शेजारच्या एका चिरंजीवांनी तर तिच्यात पाणी ओतून ते खालच्या टोकाने किती बारीक धारेने पडते याचा प्रयोगही करून पाहिला होता, आणि तो प्रयोग, पुढे मला कळून आले त्याप्रमाणे, त्या वस्तूच्या मर्माच्या बराच जवळ जाणारा होता.

ती वस्तू म्हणजे ट्रम्पेटचे माउथपीस. पितळी बाज्याच्या ज्या टोकाला वाजवणाऱ्याचे ओठ टेकतात ते टोक. बँडवाले त्याला माउथपीसच म्हणतात, तेव्हा शुद्ध प्रतिशब्दाच्या नादी न लागता आपणही तसेच म्हणावे हे बरे. बाजा पितळेचा आणि ओठांशी जाणारा तुकडा मात्र प्लास्टिकचा, ही कल्पना प्रथमदर्शनी कोणाही रसिकाला, चांदीच्या ताटात कागदी द्रोण ठेवल्यासारखी विजोड वाटते, आणि मलाही ती तशीच वाटली होती. संपादकांच्या पत्राचे निमित्त झाले आणि हा विजोडपणा खरा की आपल्या सवयीचा, याचा छडा लावण्यासाठी मी घराबाहेर पडलो.

मैदानावरची थंडी

वस्तू माझ्याकडे आली ती अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातून. तेथे माझी भाची संसाराला आहे आणि तिची कन्या शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मी तिच्याकडे गेलो असता, शाळेच्या फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात त्या बँडचे संचलन पाहण्याचा योग आला. रात्रीची वेळ, मैदानावर विजेच्या दिव्यांचा लखलखाट, पारा शून्याच्या आसपास, आणि लाकडी बाकांवर दोन घोंगड्यांत गुरफटून बसलेला मी, अशा अवस्थेत माझे लक्ष गेले ते संचलनाआधी रांगेत तिष्ठत उभ्या असलेल्या मुलांच्या हातांकडे. बाजे बगलेत होते आणि अर्ध्याअधिक मुलांनी माउथपीस तेवढे काढून मुठीत घट्ट आवळून धरले होते. एकाने ते सदऱ्याच्या आत, थेट छातीशी ठेवले होते. उरलेल्या मुलांना ही तजवीज करावी लागत नव्हती, कारण त्यांच्या बाज्यांच्या टोकांना लाल, हिरवी, निळी माउथपिसे लावलेली होती आणि ती लेक्सान नावाच्या प्लास्टिकची होती.

थंडीत पितळ ओठाला का झोंबते आणि प्लास्टिक का झोंबत नाही, याचे कारण आपण समजतो तसे नाही. रात्रभर एकाच मैदानावर राहिलेले पितळ आणि प्लास्टिक यांचे तापमान अगदी एकच असते. भेद आहे तो ओठाची ऊब किती वेगाने ओढून घेतली जाते यात. उष्णता वाहून नेण्याचे पितळेचे सामर्थ्य या जातीच्या प्लास्टिकच्या सुमारे पाचशे पट आहे, म्हणून पितळेला टेकलेला ओठ आपली ऊब क्षणार्धात गमावून बधिर होतो, आणि बधिर ओठ कंप पावत नाही, म्हणजेच बाजा बोलत नाही. प्लास्टिक ओठाकडून जवळजवळ काहीच घेत नाही. कडाक्याच्या थंडीत ओलसर ओठ धातूला चिकटून बसतो आणि ओढून काढताना त्वचा सोलवटते, हे तर त्या मुलांना पहिल्याच हिवाळ्यात शिकवले जाते. लेक्सानची माउथपिसे करणारा केली नावाचा कारखाना त्याच राज्यातील फॉन्ड ड्यू लॅक या गावी आहे, हे ऐकून मला नवल वाटले नाही. गरज जिथे बोचते तिथेच तिचा कारागीर निपजतो.

परतताना नातीने आपल्याजवळचे जादा निळे माउथपीस माझ्या हातात ठेवले. "मामाआजोबा, तिकडच्या बँडवाल्यांना दाखवा," ती म्हणाली. मी ते आणले आणि टेबलावर ठेवून विसरलो.

वाटी, घसा आणि दांडी

पुण्याच्या जुन्या पेठांतील एका अरुंद बोळात, एका सराफी पेढीला लागून असलेल्या गाळ्यात, श्रावणातल्या एका दुपारी मी ते निळे माउथपीस घेऊन गेलो. गणेशोत्सवाला तीन आठवडे उरलेले, त्यामुळे गाळ्यात विसर्जनाच्या मिरवणुकीची तालीम सुरू होती. ज्या शहरात प्रभात आणि दरबार यांसारख्या ब्रास बँडांची नावे लोक घराण्यांच्या नावांसारखी घेतात, तिथे लहानशा बँडलाही लक्ष्मी रस्त्यावर आपली लाज राखायची असते. भिंतीला खुंट्यांवर टांगलेले बास, युफोनियम आणि ट्रम्पेट, कोपऱ्यात जरीच्या डगल्यांचा ढीग, आणि तक्तपोसावर बसलेले साठीच्या घरातले बँडमास्तर. त्यांनी माझी वस्तू हातात घेतली, उजेडाकडे धरली, तळहातावर उडवून तोलली आणि काही न बोलता आपल्या सदऱ्याच्या खिशातून स्वतःचे माउथपीस काढून तिच्याशेजारी ठेवले.

"बाजा मालकाचा असतो साहेब," ते म्हणाले, "हे आपलं."

या एका वाक्यात या धंद्याचा दस्तूर सामावलेला आहे. लग्नसराईत निरनिराळ्या बँडांत हंगामी कामावर जाणारा वादक बाजा तिथला घेतो, डगला तिथला घालतो, पण माउथपीस मात्र स्वतःचे खिशातून काढतो. कारण ओठांची ठेवण वर्षानुवर्षे त्या एका कडेशी जुळत गेलेली असते. मास्तरांच्या माउथपीसवरचा निकेलचा मुलामा कडेपुरता केव्हाच उडून गेला होता आणि आतले पिवळे पितळ, देवळाच्या उंबऱ्यासारखे, ओठांनी घासून गुळगुळीत झाले होते. दांडीपाशी हिरवट कळकाची एक रेघ होती. ज्यांना निकेल सोसत नाही त्यांच्या ओठांवर पुरळ उठते, म्हणून ऐपत असलेला वादक चांदीचा किंवा कडेपुरता सोन्याचा मुलामा करून घेतो. मास्तरांना पितळ सोसले होते.

माउथपीसची रचना त्यांनी मला ज्या क्रमाने समजावली तोच क्रम येथे ठेवतो. वर ओठ टेकतात ती गोल कड. कडेच्या आत ओठ कंप पावतात ती वाटी, जिचा व्यास ट्रम्पेटमध्ये सोळा-सतरा मिलिमीटर, ट्रॉम्बोनमध्ये पंचवीसच्या आसपास आणि ट्यूबासारख्या बड्या बाज्यात बत्तीसच्या घरात असतो. वाटीच्या तळाशी घसा, म्हणजे जेमतेम पावणेचार मिलिमीटरचे भोक. आणि घशापासून खाली हळूहळू रुंदावत जाणारी पोकळी अंगात घेऊन बाज्याच्या नळीत रुतणारी दांडी. वादक बाज्यात आवाज फुंकतो ही समजूत चुकीची आहे. तो फुंकतो तो वारा, आणि त्या वाऱ्याच्या दाबाने त्याचे मिटलेले ओठ उघडझाप करू लागतात. ज्या स्वराला वाद्यवृंद आपापली वाद्ये मिळवतात त्या ४४० कंपनांच्या स्वरासाठी ओठ सेकंदाला ४४० वेळा उघडतात आणि मिटतात. ओठांपासून निघालेली दाबाची लहर नळीच्या टोकापर्यंत जाऊन काही अंशी परत फिरते, आणि परत आलेली लहर ओठांना पुढच्या उघडझापेची वेळ सांगते. वाटी किती खोल आणि घसा किती अरुंद, यावर ही देवघेव सुकर होणार की दुष्कर, आणि आवाजाला धार येणार की गोलाई, हे पुष्कळ अंशी ठरते.

एवढे सांगून मास्तरांनी आपले माउथपीस डाव्या मुठीत धरले आणि त्याच्या कडेवर उजव्या तळव्याने चापट मारली. 'टप्' असा एक बारीक पण स्पष्ट स्वर निघाला. मग निळ्या माउथपीसवर तशीच चापट. पुन्हा 'टप्', पण किंचित निराळ्या पट्टीत. "हा त्याचा जन्मस्वर," ते म्हणाले. पदार्थविज्ञानाच्या भाषेत ही माउथपीसच्या पोकळीची स्वतःची कंपनसंख्या होय. पट्टीतला हा फरक मी लक्षात ठेवला. पुढे तो उपयोगी पडला.

शिंग, हस्तिदंत, पितळ

पितळी बाज्याचे तोंड पितळेचेच असावे हा शिरस्ता अनादी नाही. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत चर्चच्या संगीतात मिरवलेले कॉर्नेट नावाचे वाद्य चामडे मढवलेल्या लाकडाचे असे आणि त्याचे माउथपीस पुष्कळदा शिंगाचे किंवा हस्तिदंताचे असे. नागासारखे वळसे घेणाऱ्या सर्पेंट या मंद्र वाद्यालाही हस्तिदंती माउथपीस लावण्याची चाल होती. म्हणजे ओठांपाशी हाडामासाच्या जवळचा, ऊब फार न खेचणारा पदार्थ असावा, ही बुद्धी प्लास्टिकच्या आधी शतकानुशतके माणसाला सुचलेली होती. पितळेने ही जागा घेतली ती मुख्यत्वे लेथ यंत्राच्या कृपेने. पितळेची सळई लेथवर सुरेख कापली जाते, तिचा कीस तुकड्यातुकड्यांनी सुटतो, आणि वाटी-घशाच्या एकसारख्या हजार जोड्या काढता येतात.

या एकसारखेपणाचे वेड ज्याने सर्वाधिक घेतले तो व्हिन्सेंट बाख. ऑस्ट्रियात १८९० साली जन्मलेला, यंत्रशास्त्र शिकलेला हा ट्रम्पेटवादक १९१४ साली अमेरिकेत आला. दौऱ्यावर असताना एका दुरुस्तीवाल्याने त्याचे लाडके माउथपीस बिघडवले आणि तसे दुसरे त्याला कुठेही मिळेना. तेव्हा १९१८ साली न्यूयॉर्कात त्याने स्वतःच माउथपिसे कातण्यास आरंभ केला. वाटीच्या व्यासासाठी आकडा आणि खोलीसाठी अक्षर, ही त्याची परिभाषा आज जगभर चालते. नव्या विद्यार्थ्याच्या ट्रम्पेटबरोबर बहुधा 'सात-सी' क्रमांकाचे माउथपीस येते आणि ओठ तयार झाल्यावर वादक त्याहून रुंद 'तीन-सी'कडे वळतो. आकडा जितका लहान तितकी वाटी मोठी, ही या गणनेतली उलटी खोच नवशिक्याला हमखास फसवते.

प्लास्टिकने या दरबारात प्रथम शिरकाव केला तो टंचाईच्या दिवसांत. दुसऱ्या महायुद्धात तांबे आणि पितळ तोफगोळ्यांच्या नळकांड्यांसाठी राखून ठेवावे लागले, तेव्हा अमेरिकी लष्कराने आपल्या तुकड्यांसाठी चक्क प्लास्टिकचे बिगूल काढले. लेक्सानचा मूळ पदार्थ पॉलिकार्बोनेट त्यानंतर, १९५३ साली, जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोघा रसायनशास्त्रज्ञांना एकमेकांच्या नकळत साधला. शिरस्त्राणाच्या पारदर्शक पडद्यांत, गाण्यांच्या सीडींत आणि कचेऱ्यांतून दिसणाऱ्या पाण्याच्या वीस लिटरच्या निळ्या जारांत आपण तो रोज पाहतो. हातोड्याचा घाव सोसणारा, उकळत्या पाण्याच्या तापमानाला न वितळणारा आणि वजनाने पितळेच्या सातव्या हिश्शाचा, असा हा पदार्थ आहे.

वजनाची गोष्ट निघाली तेव्हा मास्तरांचा भाचा, जो यंत्र अभियांत्रिकीची पदविका करतो आणि सुटीत बासवर साथ देतो, दोन्ही माउथपिसे उचलून शेजारच्या सराफाच्या पेढीवर घेऊन गेला. मुनीमजींनी ती सोन्याच्या काट्यावर अदबीने ठेवली. पितळेचे भरले आठ तोळ्यांच्या वर, प्लास्टिकचे सव्वा तोळा. "घडणावळ किती लावू?" असे मुनीमजींनी गंभीरपणे विचारले, आणि त्या दुपारचा पहिला हशा पिकला.

साच्यातून आणि शाळेत

पितळेचे माउथपीस कातून निघते. प्लास्टिकचे बहुधा साच्यात ओतले जाते. सुमारे तीनशे अंशांना पातळ झालेला पॉलिकार्बोनेट दाबाखाली पोलादी साच्यात शिरतो आणि थंड होताना हजारात पाच ते सात भागांनी आक्रसतो, म्हणून साचा तितका मोठा काढावा लागतो. जाड भाग सावकाश थिजतो आणि आत ओढला जाऊन पृष्ठभागावर खळगा पडण्याचे भय असते. साच्याची दोन अंगे जिथे मिळतात तिथे केसाएवढी शिवण राहते. ही शिवण कडेवर आली तर ओठाला ती सुईसारखी जाणवते, आणि स्वस्त मालाची परीक्षा जाणते वादक जिभेच्या टोकाने करतात ती याच कारणाने.

साच्यातून येणाऱ्या या मालाच्या स्वस्ताईचा खरा उपयोग मला दिसला तो गोव्यात. पॅरिशच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन शिकवण्याची जी पोर्तुगीज अमदानीतली परंपरा, तिने मुंबईच्या चित्रपटसृष्टीला वादकांचा कधीही न आटणारा पुरवठा केला. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला ट्रम्पेटवादक आंतोनिओ झेवियर वाझ हा त्याच मातीतला, आणि सी. रामचंद्रांचे संगीत असलेल्या १९५१ सालच्या 'अलबेला'त तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. मडगावजवळच्या एका गावात अशाच परंपरेतले एक निवृत्त शिक्षक ओसरीवर दहा-बारा मुलांना फुकट शिकवतात. बाजे चार आणि मुले बारा, म्हणून प्रत्येक मुलाला ज्याचे त्याचे प्लास्टिकचे माउथपीस, नावाची चिठ्ठी डकवून, असा त्यांनी बंदोबस्त केला आहे. एकाचे उष्टे दुसऱ्याला नको. शिकवणी संपली की साबणाच्या पाण्यात बुचकळून ओळीने वाळत घालायची. पितळेचे माउथपीस फरशीवर पडले की दांडीचे टोक चेपते आणि मग ते निमुळत्या सळईवर ठोकून गोल करावे लागते; प्लास्टिकचे उडी मारून परत येते. "मुलं ती भोवऱ्यासारखी फिरवतात," ते म्हणाले, "मी रागवत नाही. हातात खेळली म्हणजे तोंडाला जायला भीत नाहीत."

याच्याही पुढे जाऊन इंग्लंडातील कव्हेंट्रीच्या एका मंडळीने २०१० च्या सुमारास सबंध ट्रॉम्बोनच प्लास्टिकचा करून बाजारात आणला. ह्यू रॅशली हा त्याचा जनक, आणि पीबोन हे त्याचे नाव. त्याचे वजन पाऊण किलोच्या थोडे वर, म्हणजे पितळी ट्रॉम्बोनच्या निम्मे. प्रारंभी लोक हसले. पुढे शाळांनी तो पोत्यांनी घेतला.

पाठ फिरवून ऐकणारे तिघे

तरीही मूळ शंका उरतेच: आवाजाचे काय? मास्तरांचे मत निश्चित होते. "प्लास्टिकचा आवाज प्लास्टिकचा येणार." भाच्याने मान हलवली. अखेर असे ठरले की मी, मुनीमजी आणि चहा घेऊन आलेले टपरीवाले, अशा तिघांनी भिंतीकडे तोंड करून उभे राहावे आणि मास्तरांनी एकच ट्रम्पेट, एकच ओळ, कधी या तर कधी त्या माउथपीसने वाजवावी.

पहिल्या फेरीत मास्तर जिंकले. पितळेचा आवाज भरदार आणि रुंद होता, प्लास्टिकचा थोडा आवळलेला. आठांपैकी सात वेळा आम्ही तिघेही बरोबर ठरलो आणि मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. परंतु चापटीच्या वेळी ऐकलेला पट्टीतला फरक माझ्या मनात घोळत होता, आणि तो भाच्याच्याही मनात असावा, कारण त्याने दुचाकीच्या डिकीतून ड्रिलच्या बिटांची पेटी काढली आणि एकेक बिट उलटे धरून घशातून सोडून पाहू लागला. निळ्या माउथपीसमधून ३.७ मिलिमीटरचे बिट सुळकन उतरले आणि ३.८ चे अडले. मास्तरांच्या माउथपीसमधून ३.७ उतरले, ३.८ उतरले, ४ उतरले, आणि ४.१ चेही किंचित घासत खाली आले.

"मामा, हे तुम्ही भोक वाढवून घेतलंय!"

मास्तरांनी कबुली दिली. पंचवीस वर्षांपूर्वी एका लेथवाल्याकडून त्यांनी घसा मोठा करवून घेतला होता. वरातीत ढोलांच्या वरताण आवाज काढायचा तर घसा मोकळा लागतो, असा त्या काळी उस्तादांचा सल्ला होता. म्हणजे आम्ही भिंतीकडे तोंड करून ओळखला तो पितळ आणि प्लास्टिक यांतला भेद नव्हताच. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अशा मोकळ्या जागेचा तो भेद होता.

मग गाळ्यातल्या एका तरुण वादकाचे मुलामा न उडालेले पितळी 'सात-सी' मागवले. त्याच्या घशातून तेच ३.७ चे बिट उतरले, आणि चापटीचा 'टप्' निळ्याच्या 'टप्'शी जवळजवळ मिळाला. दुसऱ्या फेरीत आमची त्रेधा उडाली. मुनीमजी आठांपैकी चार वेळा बरोबर आले, मी तीन वेळा, आणि टपरीवाले पाच वेळा. म्हणजे नाणे उडवूनही जे साधले असते तेवढेच. मास्तर स्वतः मात्र, डोळे मिटून वाजवत असतानाही, दर वेळी ओठ टेकताक्षणीच कोणते ते सांगत होते.

आमचा हा खेळ शास्त्राच्या कसोटीला उतरणारा नाही, हे मी जाणतो. पण शास्त्राने केलेला एक प्रयोग याच दिशेला बोट दाखवतो. जॉन कोल्टमन या अमेरिकी संशोधकाने १९७१ साली आतून अगदी एकसारख्या तीन बासऱ्या केल्या, एक चांदीची, एक तांब्याची आणि एक लाकडाची. ऐकणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. त्याहून मार्मिक भाग पुढे आहे: त्याने त्या तिन्ही एका फिरत्या दांड्यावर बसवल्या, जेणेकरून वाजवणाऱ्याला वजनावरून वा स्पर्शावरून सुगावा लागू नये, आणि मग वाजवणाऱ्यांनाही त्या ओळखता येईनात. नळीच्या आत थरथरणारी हवा पोकळीचा आकार ओळखते. भोवतालची भिंत पुरेशी टणक आणि गुळगुळीत असली म्हणजे ती कशाची आहे याची हवेला फारशी फिकीर नसते.

मग मास्तरांना दर वेळी कळत होते ते काय? त्यांना विचारले तेव्हा त्यांनी बराच वेळ दोन्ही माउथपिसे आलटूनपालटून ओठांना लावून पाहिली. पितळ आधी गार लागते आणि मग हळूहळू अंगाएवढे होते; प्लास्टिक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखेच लागते. पितळावर घामेजलेला ओठ थोडा सरकतो, प्लास्टिकवर तो धरून राहतो. पितळेचे आठ तोळे बाज्याच्या तोंडाशी असतात तेव्हा बाजा हातात एका परीने तोलला जातो; ते गेले की तोल किंचित पुढे, कर्ण्याकडे झुकतो. आणि दातांपर्यंत पोचणारी एक बारीक झिणझिण पितळात असते, ती प्लास्टिकमध्ये निराळी लागते. "ऐकणाऱ्याला काय त्याचं," ते शेवटी म्हणाले, "पण वाजवणारा मी आहे ना."

दोऱ्याचे वेढे

हे सर्व झाल्यावरही मास्तर प्लास्टिकला सनद देतील असे मला वाटले नव्हते. ती सनद हवामानाने दिली. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराईचा हंगाम उघडतो आणि पहिल्या वराती कडाक्याच्या थंडीत निघतात. निफाडकडे पौषाच्या आगेमागे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, आणि मध्यरात्री देवदर्शनाहून परतणाऱ्या वरातीत माउथपीस काखेत धरून ऊब देण्याची युक्ती, विस्कॉन्सिनची मुले करतात तशीच, मास्तरांनी हयातभर केलेली. वैशाखात नेमके उलट. विदर्भात पंचेचाळीस अंशांच्या दुपारी टेंपोच्या हौद्यात बाजे तापत पडलेले असतात, आणि मांडवाशी उतरून पहिला स्वर काढायला ओठ टेकवावा तर तापल्या तव्याला बोट लागल्यासारखा चटका बसतो. ओठाला फोड आली की त्या वादकाचा चार दिवसांचा रोज बुडाला. जे पितळ थंडीत झपाट्याने ऊब ओढते तेच उन्हात झपाट्याने आग देते, आणि जे प्लास्टिक घेत नाही ते देतही नाही.

अडचण एकच होती. आपल्याकडचे बाजे पुष्कळसे मेरठचे. तेथील जली कोठी मोहल्ल्यात, जिथे नादिर अली यांची पेढी १८८५ पासून नांदते आहे, तिथे आणि तिच्या आसपासच्या अनेक लहानमोठ्या कारखान्यांत हाताने बाजे घडतात. हाताच्या घडणीचे बाजे म्हटले की नळीचे तोंड प्रत्येकाचे थोडे निराळे. अनेक वर्षे वापरून ते आणखी सैल झालेले. माउथपीसची दांडी विसात एक अशा उताराने निमुळती असते आणि नळीत ती रुतून बसायला हवी. माझे निळे माउथपीस अमेरिकी मापाचे, ते गाळ्यातल्या जुन्या ट्रम्पेटांत लटलटत होते. सैल बसलेल्या दांडीतून वारा निसटतो आणि वरचे स्वर फसतात.

दुसऱ्या भेटीस मी गेलो तो विसर्जनानंतर, पितृपक्षात. गाळ्यात सामसूम होती. बँडला नव्यानेच लागलेला एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, मिरवणुकीत ओठ सुजवून बसलेला, कोपऱ्यात बाजा पुसत होता. मास्तरांनी माझे निळे माउथपीस परत दिले नाही. ते त्याला दिले आणि आधी ताकीद दिली की मुलामा चकाकवण्याची पूड, पेट्रोल किंवा थिनर याला लावायचा नाही, भेगा पडतील. नुसते पाणी आणि साबण. मग त्यांनी कपाटातून शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचे रीळ काढले, दोरा मेणावरून ओढला आणि दांडीच्या टोकाशी, एकाला एक लागून, दोन वेढे घातले. माउथपीस नळीत बसवून हलवून पाहिले. अजून किंचित लटपटत होते.

त्यांनी तिसरा वेढा घातला. आता ते रुतले. मास्तरांनी ट्रम्पेट मुलाच्या हातात दिला, स्वतःचे पितळी माउथपीस खिशात आहे याची सवयीने हात लावून खात्री केली, आणि म्हणाले, "आता फुंक. ओठ जड करू नको."